नंबर घातलेली भांडी

"काय गाऱ्हाणां घालूं?" पुजाऱ्याने विचारलं.

कृष्णनाथने जोडलेले हात सोडले नाहीत. "फोन बदलूंचो आसा."

"फोन?"

"दुकानाचो. जुनो काडून नवो घेवंचो काय नाय, इतक्यांच विचार."

गावच्या देवळात कौल लावायला लोक लग्नासाठी येत, विहिरीसाठी येत, कोर्टातल्या भांडणासाठी आणि बोटीवरच्या नोकरीसाठीही येत. फोनसाठी आलेला हा पहिलाच. पण देवाला काय विचारावं हे ठरवणं पुजाऱ्याचं काम नव्हतं. त्याने दोन पाकळ्या पाण्यात भिजवल्या, देवाच्या अंगावर एक उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाभाऱ्यात उकडत होतं. समईची ज्योत हलत नव्हती. बऱ्याच वेळाने उजवी पाकळी सुटली आणि पडली.

"उजवी दिली," पुजारी म्हणाला. "आनीक काय विचारूंचां आसा?"

"नाय. काम झालां."

पेडण्याच्या बाजारामागच्या गल्लीत कृष्णनाथचं दुकान आहे. पाटीवर 'श्रीनाथ मंडप' असं लिहिलेलं असलं तरी तालुक्यात सगळे 'शंभूची आयदनां' असंच म्हणतात. आयदनं म्हणजे भांडी, आणि शंभू हा कृष्णनाथचा बाप. लग्न, मुंज, बारावं, देवळातली समाराधना, कुठेही पंगत बसायची म्हणजे टोप, काहिली, पराती आणि डाव इथूनच जायचे.

गावजेवणाला गेलेली भांडी सगळीच्या सगळी परत येत नाहीत. ती चोरीला जातात असं नाही, मिसळतात. शेजारणीच्या परातीबरोबर आपली परात जाते, आणि कुणाला कळायच्या आत तिच्यात तांदूळ निवडले जाऊ लागतात. म्हणून दुकानात फोन आला त्या वर्षी शंभूने एकेका भांड्यावर नावाऐवजी फोनचा नंबर घालून घेतला, खाली 'पेडणे' एवढंच. "आयदनाक तोंड नाय," तो म्हणायचा, "पण नंबर आसा मरे. आपून घराक येतलां." आणि ती खरोखरच येत. काजूच्या बागेत डाव सापडला, कुणाच्या गोठ्यात टोपाचं झाकण निघालं, की फोन वाजे. कृष्णनाथ टेम्पो घेऊन जाई आणि भांडं घेऊन येई. मध्ये चहा होई, तो वेगळा.

फोन घ्यायची ती पद्मावती, त्याची बायको. पलीकडचा माणूस तिला आवाजावरून कळे. "किती पानां?" हा तिचा पहिला प्रश्न. पानं कळली आणि लग्न की बारावं ते कळलं, की पुढचं सगळं तीच बोले. गिऱ्हाईक नुसतं "व्हय, व्हय" करी. शंभू गेला, पोरगा गौरेश बोटीवर गेला, त्याचं लग्न झालं, सून आली. दाराजवळच्या फळीवरचा फोन आणि फोनजवळची पद्मावती तेवढी जागची हलली नाही.

पण लाईन जुनी होती. पाऊस लागला की तिच्यात खरखर सुरू होई आणि पद्मावतीला पानांचा आकडा दोनदोनदा विचारावा लागे. सून सिद्धी म्हापशाला बँकेत होती. दुकानात इंटरनेट हवं, लोक मंडपाचे फोटो मागतात, असं तिचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं. तिच्याच सांगण्यावरून प्रज्योत दुकानात आला.

प्रज्योत कारापूरचा. अंगात पणजीतल्या एका कंपनीचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. येताक्षणी त्याने एक टोप उलटा करून बुडावर बोट ठेवलं.

"काका, आमच्या तायच्या लग्नाक हींच आयदनां आयल्लीं. हो नंबर मी तोंडपाठ सांगतंय." आणि त्याने सांगितला.

कृष्णनाथला आणखी काय हवं होतं? त्याने खुर्ची पुढे केली. पद्मावतीने चहा टाकला.

प्रज्योतने योजना सांगितली. नवी लाईन, वेगवान नेट, वर फोनचं यंत्र. एकाच वेळी दोघांनी फोन केला तरी कुणाला एंगेज लागणार नाही.

"आनी नंबर?" पद्मावतीने विचारलं.

"नवो मेळतलो, पण जुनोय चालतलो. जुन्यार फोन आयलो काय आपसूक नव्यार येतलो. चिंता नाका."

सिद्धी त्या संध्याकाळी म्हणाली, "बाबा, कागद माका दाखय. आयताराक वाचतंय."

"देवाक विचारून आयलंय मी. उजवी दिली."

"देवान कागद वाचलो?"

"चेडवा, देवाची चेष्टा नाका."

कागद तसा नव्हताच. प्रज्योतच्या हातातल्या काचेवर मजकूर वर सरकत गेला, आणि शेवटी एक मोकळी चौकट आली. कृष्णनाथने तिच्यात बोटाने सही केली. ती त्याची स्वतःचीसुद्धा वाटत नव्हती. "शाळेत पाटयेर काडी तशी झाली," तो म्हणाला. प्रज्योत हसला. सिद्धी बँकेत होती.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. जुन्या नंबरवर आलेला फोन खरंच नव्या यंत्रावर येई. फक्त आधी यंत्रातली बाई बोले. श्रीनाथ मंडपमध्ये आपलं स्वागत आहे, मंडपासाठी एक दाबा, भांड्यांसाठी दोन दाबा, खुर्च्यांसाठी तीन. पद्मावती रिसीव्हरवर हात ठेवून उभी राही. त्या बाईचं बोलणं संपेपर्यंत हिला काही करता येत नसे.

"ही कोण आसा ती," एकदा ती म्हणाली, "पानां तरी विचारता?"

मग दोन्ही लायनींचं भाडं भरावं लागतंय हे कृष्णनाथच्या ध्यानात आलं. प्रज्योत म्हणाला, जुनीची आता गरज नाही, बंद करण्याचा अर्ज द्या. कृष्णनाथने टेलिफोन कचेरीत अर्ज दिला. लाईन बंद झाली, आणि तिच्यावरून पुढे जाणारे फोनही त्याच दिवशी बंद झाले. जुना नंबर जिवंत होता तोवरच तो नव्याकडे बोट दाखवू शकत होता. ही गोष्ट कृष्णनाथला ठाऊक नव्हती. प्रज्योतलाही नव्हती, हे पुढे कळलं.

फोन लागत नाही हे सांगायला कुणी फोन करू शकत नव्हतं. लग्नसराई तोंडावर आली तरी फळीवरचं यंत्र गप्प होतं. पद्मावती म्हणाली, औंदा मुहूर्त कमी असतील. कृष्णनाथने पंचांग काढून बघितलं. मुहूर्त होते.

जत्रेत हरमलचा सर्वेश भेटला. किनाऱ्यावर खोल्या भाड्याने देतो. त्याच्या घरातलं एकही कार्य शंभूच्या भांड्यांशिवाय झालं नव्हतं.

"काय रे कृष्णनाथ, धंदो बंद केलंस? सांगूंक नाय कोणाक!"

"कोण म्हणता?"

"तुझोच फोन म्हणता. एक बायल सांगता, हो नंबर अस्तित्वात नाय म्हणान. माज्या भाचयेचां लगीन झालां मरे. आयदनां म्हापश्यातसून हाडलीं. टोपाक बूड असां पातळ, शीत लागलां सगळां."

बाजूचे दोघे हसले. कृष्णनाथही हसला. हातातली गोड खाज्याची पुडी त्याने तिथेच कुणाच्या तरी पोराच्या हातात दिली आणि तो घरी आला.

त्या रात्री सिद्धीने करार मोबाईलवर उघडला आणि जेवणं झाल्यावर एकेक ओळ मराठीत सांगितली. करार तीन वर्षांचा होता. मध्ये सोडला तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचं भाडं एकदम भरायचं. यंत्र विकत घेतलेलं नव्हतं, तेही भाड्याचं. मुदत संपण्याआधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुन्हा तेवढाच वाढणार. आणि नवा नंबरसुद्धा कंपनीचा. कंपनी सोडली की तोही गेला.

"आनी जुन्या नंबराचां काय बरयलां आसा?" कृष्णनाथने विचारलं.

"कायच नाय."

"प्रज्योत म्हणालो चालतलो म्हणान."

"तोंडान म्हणालो. हंय नाय."

पद्मावती ताटं उचलता उचलता थांबली. "देवान मगे उजवी कशी दिली?"

"मी विचारलंय फोन बदलूं काय," कृष्णनाथ म्हणाला. "वर्सां विचारूंक नाय. नंबर उरतलो काय, तांय विचारूंक नाय. भटान विचारल्यान, आनीक काय आसा. मी म्हटलंय काम झालां."

दुसऱ्या दिवशी सिद्धीने रजा काढली आणि दोघं टेलिफोन कचेरीत गेली. खिडकीमागे अश्विनी नावाची बाई होती. तिने संगणकात पाहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"लाईन सरेंडर कित्याक केलास? नवी फायबर लाईन आमीय दितांव. हंयच बदलून घेतली आसती तर नंबर तोच उरलो आसतो."

"आता परत दी गे बाय. काय आसा तां भरतंय."

"भरूंचो प्रश्न नाय, काका. सोडलेलो नंबर आमच्या हातात उरना. तो वयर जाता." तिने छताकडे बोट केलं. कृष्णनाथने वर बघितलं. पंखा फिरत होता. "सोडूंच्या आदी आमकां एक सबद विचारूंचो आसलो."

बाहेर आल्यावर तो सिद्धीला म्हणाला, "हीय तांच सांगता. विचारूंक नाय म्हणान."

संध्याकाळी प्रज्योत स्वतः आला. सिद्धीने त्याला फोनवर काय सुनावलं होतं ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तो बसला नाही.

"काका, माका तसांच शिकयल्लां. नंबर चालता म्हणान सांग, इतक्यांच. लाईन बंद केल्यार काय जाता तां मीय विचारूंक नाय."

"बस रे. च्या घे."

"तुमचो करार मोडूं येता काय, तां मी वयर विचारलां. नाय म्हणतत."

"मोडूंचो नाय. बोटान कां जायना, सही माझी." कृष्णनाथने कप पुढे केला. "तुझो करार किती वर्सांचो?"

प्रज्योतला प्रश्न कळायला वेळ लागला. "माझो करार ना, काका. माका ते खंयच्याय दिसा काडूं येतत."

पद्मावती आत गेली आणि त्याच्यासाठी बशीत चार बिस्किटं घेऊन आली.

करार संपायच्या आधी लेखी कळवायची तारीख सिद्धीने मोबाईलमध्ये घातली आणि फळीच्या वर भिंतीवर पेन्सिलीनेही लिहिली. कृष्णनाथने भांड्यांवर नाव घालायचं लहान यंत्र आणलं. दुपारी गिऱ्हाईक नसे तेव्हा तो एकेक भांडं मांडीवर घेई, जुन्या नंबरवर आडवी रेघ ओढी आणि खाली स्वतःच्या मोबाईलचा नंबर घाली. "हो माझो," तो म्हणे, "कंपनयेचो नाय." घरातल्या भांड्यांना उपाय होता. पण पेडण्यापासून डिचोलीपर्यंत किती घरांत किती डाव आणि किती झाकणं जुना नंबर अंगावर घेऊन पडून होती, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांना आता घराची वाट नव्हती.

काजू पिकायच्या दिवसांत एका दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कापडात गुंडाळलेलं लांबट काही.

"शंभूची भांडी म्हंत्यात ती हीच का हो?"

"हींच. ये गे बाय, बस."

तिचं नाव सोनाबाई. बेळगावकडची. नवरा आणि मुलगा निवृत्ती कारापूरच्या बाजूला कारखान्यात कामाला होते. तिथलं काम संपलं होतं. तिने कापड सोडलं. आत मोठा डाव होता, घासून लखलखीत केलेला.

"तितल्या एका लग्नात मी भांडी घासाय होते. प्रज्योत म्हणून पोरगा हाय बगा, त्येच्या भैनीचं लगीन. तवाच आमच्यात मिसळून आला असणार. आता सामान बांधताना गावला. लई दीस फोन लावाय लागले, तर ती बाई म्हंती नंबरच न्हाई. मला वाटलं मालक गेलं काय की."

"मालक आसा," कृष्णनाथ म्हणाला. "नंबर गेलो."

"मग ह्येच्यावर पेडणं लिवलंय तेवढं निवृत्तीनं वाचलं. म्हटलं, म्हापशाला गाडी बदलायची आन् इचारत जायाचं. उद्या आमी गावाकडं चाललो. दुसऱ्याचं भांडं घिऊन घाट चढू ने."

पद्मावतीने तिला पाणी दिलं, मग उकड्या तांदळाची पेज आणि लोणचं वाढलं. सोनाबाई जेवली. पैसे देऊ केले तर तिने हात मागे घेतला. "डाव तुमचा. त्येचं पैसं मी कशाला घिऊ?"

कृष्णनाथ उठून आत गेला. नव्याने आणलेले टोप कोपऱ्यात होते, अजून नंबर न घातलेले. त्यातला एक मध्यमसा, चारपाच माणसांच्या भाताला पुरेल असा, त्याने काढला आणि तिच्यापुढे ठेवला.

सोनाबाईने तो सवयीने उलटा केला. बूड कोरं होतं.

"नंबर न्हाई ह्येच्यावर."

"नाय. ह्यां परत येवंचां नाय."

तिने टोपाच्या बुडावरून एकदा हात फिरवला, तो त्याच कापडात बांधला आणि म्हापशाच्या बसची वेळ विचारली. ती गेल्यावर कृष्णनाथने डाव मांडीवर घेतला. जुना नंबर जत्रेतल्या नव्या नाण्यासारखा चमकत होता. त्याच्यावर त्याने आडवी रेघ ओढली, जरा हलक्या हाताने, आणि खाली नवा नंबर घालायला घेतला.