निताबाईची न पाहिलेली सीडी

आवाजावरून मला ओळखाल अशी आशा नाही. माझा आवाज म्हणजे आधी एक खटका आणि मग घरघर. तरी मीच बोलतोय, केनवडच्या पंजाबरावांच्या घरी कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेला डीव्हीडी रायटर. बटण दाबलं की ट्रे बाहेर काढतो, चकती ठेवली की आत ओढून घेतो. चकतीवरचं वाचायचं आणि कोऱ्या चकतीवर लिहायचं, दोन्ही कामं माझीच. गावात डीव्हीडी वगैरे कोणी म्हणत नाही. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, सीडी.

कारखान्यातला जन्म मला आठवत नाही. आठवतं ते रिसोडचं दुकान, आणि तिथून एसटीत विनोदच्या मांडीवर झालेला प्रवास. विनोद हा पंजाबरावांचा मुलगा, तेव्हा कॉलेजात होता. कॉम्प्युटर घरात आला तो अभ्यासाच्या नावाखाली. अभ्यास किती झाला ते देव जाणे, पण लग्नाच्या सीड्या मात्र पोत्यानं निघाल्या.

त्याचं असं होतं. लग्नाचं शूटिंग करणारा दोनच सीड्या द्यायचा, एक पोरीकडच्यांना, एक पोराकडच्यांना. पण मामा, मावशी, चुलते आणि पंगतीत बुंदी वाढताना ज्याचा हात दिसला तो शेजारी, प्रत्येकाला आपली वेगळी सीडी हवी. मग सगळे विनोदच्या दारात.

माझं तोंड एकच. त्यामुळे आधी मूळ सीडी गिळायची, तिच्यावरचं सगळं कॉम्प्युटरमध्ये नेऊन ठेवायचं, मग कोरी सीडी घेऊन तिच्यावर ते उतरवायचं, आणि सगळ्या प्रती निघाल्या की जागा मोकळी करायला कॉम्प्युटरमधलं पुसून टाकायचं. लिहायला शाई लागत नाही. चकतीच्या आत रंगाचा पातळ थर असतो, तो बारीक लाल किरणानं जागोजागी भाजत जायचं. मध्येच लाइन गेली की ती चकती वाया. आणि आमच्याकडे लाइन काय, पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्याआधी जायची.

म्हणून बेबीताईंनी, म्हणजे विनोदच्या आईनं, घरात शिस्त लावली होती. माझं काम सुरू झालं की मिक्सर बंद. कोणी ओसरीत जोरात चाललं तरी त्या आतून ओरडायच्या, "पाय वाजवू नका वं बायांनो, सीडी बनून राह्यली!"

"आई, चालल्यानं काही होत नाही," विनोद हसायचा.

"तुले काय मालूम? हालली तं नवरा एकीकडे अन् नवरी एकीकडे जाईन."

मला या बाईचं फार कौतुक वाटायचं. माझ्या कामाला घरात एवढा मान दुसऱ्या कोणी दिला नाही.

आता एक गंमत सांगतो. मी जे वाचतो ते मला दिसत नाही. चित्र पडद्यावर जातं आणि पडदा माझ्या डोक्यावर. मला दिसतात ती पडद्यासमोर बसलेली माणसं. वर्षानुवर्षं मी त्यांचे चेहरे न्याहाळले, आणि माझं कुतूहल काही शमलं नाही. प्रत्येक जण आधी स्वतःला शोधतो. सापडला की म्हणतो, "मी असा दिसतो काय?" बाया लुगडी पाहतात, बाप्ये पंगत पाहतात, आणि हळद आली की सगळे एका सुरात म्हणतात, "पुढं ढकल, पुढं ढकल."

शूटिंगवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी चिकटवलेली असायची. माणसांची तोंडं हलतायत आणि आवाज भलत्याच कुणाचा! एवढी जिवाभावाची माणसं गोळा होऊन काय बोलली, ते कुणालाच ऐकायचं नसेल का, असा मला नेहमी प्रश्न पडे.

पल्लवीचं लग्न झालं, विनोदच्या बहिणीचं. ती मानोऱ्याला सासरी गेली. तिच्या लग्नाच्या सीड्या मी सगळ्या सोयऱ्यांसाठी काढल्या. मग हळूहळू मोबाइल आले, पेन ड्राइव्ह आले आणि माझ्याकडे येणारी वाट मोडली. विनोदला नोकरी लागली, त्याचं लग्न झालं. कॉम्प्युटरवर कापड पडलं, कापडावर धूळ. कधीमधी कोणी मशीन सुरू करी, पण ट्रेचं बटण कोणी दाबत नसे. रागावून काय करणार? माणसं स्वतःच्या म्हाताऱ्यांनाही असंच कोपऱ्यात बसवतात.

दोन वर्षांपूर्वी बेबीताई गेल्या. मला ते कळलं ते असं, की मिक्सर सुरू झाला आणि आतून ओरडायला कोणी नव्हतं.

यंदाच्या दिवाळीत पल्लवी माहेरी आली. कापड ओढून तिनं माझ्यावरची धूळ पदरानं पुसली आणि भावाला म्हणाली, "दादा, आईचे फोटो ढीगभर हायेत. आवाज कुठीच नाही."

खरं होतं ते. मोबाइल समोर धरला की बेबीताई तोंड मिटून घ्यायच्या आणि हातानं 'बाजूला कर' म्हणून खुणवायच्या.

"माह्या लग्नाच्या सीडीत हाय," पल्लवी म्हणाली. "हळदीत एक गाणं संपते, दुसरं लागाच्या आंधी आई काईतरी बोलते. काय बोलते ते ध्यानात नाही. पण बोलते."

तिची स्वतःची सीडी लेकरांनी खेळण्यातल्या गाडीचं चाक करून संपवली होती. म्हणून ती माहेरची घ्यायला आली होती. विनोदनं कपाट उपसलं. सीड्यांचा गठ्ठा जागेवर नाही.

ओसरीतून पंजाबराव म्हणाले, "त्या? त्या तं म्या मागच्या सालीच ज्वारीत टांगल्या. चमकते ना, पाखरं भेतात."

भाऊ-बहीण तसेच शेतात गेले आणि दोऱ्यात ओवलेल्या चकत्या घेऊन आले. त्यातली पल्लवीची सीडी विनोदनं पुसून माझ्या ट्रेवर ठेवली. मी जीव तोडून फिरवली. आतून बाहेर, बाहेरून आत शोधलं. काही नव्हतं. मी उजेडानं लिहिलेलं उन्हानं पुसून टाकलं होतं. चमक तेवढी राहिली होती, आणि पाखरांना तेवढी पुरत होती.

पंजाबराव दाराच्या चौकटीला धरून उभे होते. त्यांना उमगायला थोडा वेळ लागला.

"तुह्या मायचा आवाज म्या पाखरं हाकलाले टांगला काय वं?" ते म्हणाले आणि तिथंच खाली बसले. पल्लवी त्यांच्यावर चिडायला आली होती, ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला फार वाईट वाटलं. त्या माणसानं मुद्दाम काहीच केलं नव्हतं.

मग फोनाफोनी झाली. एका मामाची सीडी घर बांधताना गेली, मावशीची तिच्या नातवानं तोडली. ज्यांनी हौसेनं पाहिली त्यांची ओरखडे पडून गेली. उरलं एकच घर, रिसोडच्या निताआत्याचं. आणि तिला फोन करायला कोणी धजेना.

निताबाई म्हणजे पंजाबरावांची धाकटी बहीण. या घराचा रिवाज असा, की नवरीला पहिली हळद आत्या लावते. पल्लवीच्या लग्नात निताबाईंची जीप वाटेत बंद पडली. त्या पोचल्या तेव्हा हळद लागून गेली होती. 'माझ्याबिगर हळद लावली' म्हणून त्या न जेवता परतल्या. तेव्हापासून भाऊबीजेला त्या इथं आल्या नाहीत. पंजाबरावच रिसोडला जाऊन ओवाळून घेत. वहिनीच्या मयतीला आल्या आणि पाणीही न पिता गेल्या.

शेवटी पंजाबरावांनीच फोन लावला. "निता, त्या लग्नाची सीडी हाय काय तुह्याजवळ? पोरीले मायचा आवाज आयकाचा हाय."

"हाय," एवढं म्हणून निताबाईंनी फोन ठेवला.

भाऊबीजेच्या दिवशी निताबाई आल्या. पिशवीतून सीडी काढली, तर पाकिटाची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"पाह्यलीच नाही?" पल्लवीनं विचारलं.

"काहून पाहू? वहिनीनं पाठवली तवा निरोप दिला होता, हळद नक्की पाह्यजो म्हना. मले वाटलं, मुद्दाम चिडवून राह्यली." आवाजात अजून धार होती. "पोरीसाठी आली मी. देऊन जातो."

विनोदनं पट्टी काढली. माझ्या ट्रेवर ती चकती टेकली आणि मला कळलं, ही मी लिहिली तशीच्या तशी आहे. रागानं तिला जपलं होतं. पण माझंच भिंग आता मंद झालेलं. पहिल्यांदा घसरलो, दुसऱ्यांदाही. विनोद म्हणाला, "याचं काही खरं नाही." मी म्हटलं, थांब रे बाबा, आणि तिसऱ्या खेपेला ओळ धरली.

हळद आली. गाणं वाजत होतं. या वेळी 'पुढं ढकल' कोणी म्हणालं नाही. गाणं संपलं आणि खोलीत बेबीताई बोलल्या.

"थांबा वं बायांनो. निताबाई आल्याबिगर हळद लावू नका. आत्याचा मान हाय."

कुणीतरी म्हणालं, "बाई, लाइन जाईन. अंधारात लावशीन काय?"

"मंग यातली एक वाटी आंधीच बाजूले काढा. हे पहिली वाटी निताबाईची. हिले कोनी हात लावू नका."

आणि दुसरं गाणं सुरू झालं.

पल्लवी रडत होती आणि हसतही होती. तिला आई मिळाली होती. पंजाबराव डोळे मिटून ऐकत होते. पण मी पाहत होतो निताबाईंकडे. त्या जायला म्हणून दाराशी उभ्या होत्या, पिशवी हातात.

"मांगं घे," त्या म्हणाल्या.

विनोदनं मागं घेतलं. बेबीताई पुन्हा बोलल्या.

"अजून एकवार."

मी कितीदा त्या जागी गेलो ते मोजलं नाही. शेवटी निताबाई पल्लवीजवळ जमिनीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी आली तवा वहिनी ते वाटी घेऊन आली होती वं माह्याजवळ. मले वाटलं, उरलेली हळद देऊन राह्यली. मी वाटी लोटून देली."

पंजाबरावांनी बहिणीपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. या खेपेला त्या प्यायल्या.

विनोदनं ते सगळं कॉम्प्युटरमध्ये आणि प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये घालून दिलं. ते झालं आणि माझा किरण कायमचा विझला. आता चकती ठेवली की मी नुसता फिरतो. विनोद म्हणतो, काढून भंगारात देऊ. जरूर द्या, माझी तक्रार नाही. जाता जाता एवढंच विचारतो, तुमच्याकडे कुणी पाठवलेलं, रागानं न उघडलेलं काही पडलंय का? असेल तर आजच उघडा. ज्यानं पाठवलंय तो माणूस आहे तोवर.