समेटाचा गुरुवार

विश्रांतवाडीच्या महिला सल्ला केंद्रात द्वारकाताईंचा शब्द शेवटचा असे. सोळा वर्षं त्या तिथे समुपदेशक होत्या आणि गुरुवार हा त्यांचा समेटाचा वार. मोठ्या टेबलाच्या एका बाजूला नवरा आणि सासू, समोर सून, मधल्या खुर्चीत ताई. सुनेने सगळ्यांदेखत पहिल्यापासून सांगायचं, ताईंनी दोन्हीकडच्यांना चार शब्द सुनावायचे, मग समेटपत्र लिहून सह्या घ्यायच्या. गेल्या वर्षी असे एकेचाळीस समेट झाले. वार्षिक सभेत तो आकडा वाचून दाखवला तेव्हा टाळ्याही पडल्या. बाई परत नांदायला गेली की प्रकरण मिटलं, असं आपल्याकडे मानतात. ती तिथे कशी राहते, हे विचारायची पद्धत नाही.

जूनमध्ये केंद्रात तरन्नुम आली. येरवड्याच्या युसूफ टेलरची ही मुलगी नुकतीच समाजकार्याचं शिक्षण संपवून आलेली, बोलायला जेमतेम आणि लिहायला त्याहून कमी. तिचा पहिला अहवाल तीन ओळींचा होता. ताईंनी तो चष्म्यावरून पाहिला आणि किराण्याची यादी नंतर देणार आहेस का, असं विचारलं. तरन्नुम नुसती हसली. ताईंना ते हसणंही खुपलं.

पण खरा काटा होता सोनू. बीडकडची बावीस वर्षांची ही मुलगी लग्न होऊन पुण्यात आली होती. नवरा योगेश कारखान्यात कामाला. गेल्या वर्षीच्या एकेचाळिसांत तिचाही समेट होता. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. मावसबहिणीच्या खोलीवर राहून ती केंद्रात येई, ताईंसमोर बसे आणि ओढणीचं टोक पिळत राही. ताई विचारून थकल्या, पण तिच्या तोंडून शब्द निघेना.

एके दिवशी ताईंनी काचेच्या दारातून पाहिलं, तर तीच सोनू तरन्नुमच्या डब्यातली भाजी खात घडाघडा बोलत होती. खुर्ची तिने दाराकडे तोंड करून घेतली होती. तरन्नुमच्या हातात पेनसुद्धा नव्हतं. ताईंना ते पाहवेना. त्याला काळजी म्हणायची सोय नव्हती, तो सरळसरळ मत्सर होता. सोळा वर्षांत आपल्यासमोर कुणी असं जेवलं होतं का, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि मग तो विचारच झटकून टाकला.

त्यातच प्रशिक्षण आलं. शहरातल्या तीस समुपदेशकांना आठवडाभर कामातून मोकळं करून, मनावर आघात झालेल्या बायकांशी कसं बोलावं हे शिकवायचं ठरलं होतं. शिकवणाऱ्या उत्कर्षा मॅडम वयाने ताईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सोमवारीच त्यांनी सांगितलं की मार खाल्लेल्या बाईला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका, मारणाऱ्यासमोर तर कधीच नाही. कुठे बसायचं, किती बोलायचं, हे तिचं तिला ठरवू द्या. मग सराव झाला आणि मॅडमनी सगळ्यांदेखत तरन्नुमचं कौतुक केलं.

"म्हणजे आम्ही सोळा वर्षं गोट्या खेळलो," ताई शेजारणीला म्हणाल्या. शेजारीण हसली, पण ताईंना हसू आलं नाही. मंगळवारी आणि बुधवारीही कौतुक तरन्नुमचंच झालं.

गुरुवारी ताईंनी डोकं दुखत असल्याचा निरोप पाठवला आणि त्या केंद्रात आल्या. तरन्नुम प्रशिक्षणात अडकलेली होती. ताईंनी योगेशला आणि त्याच्या आईला फोन करून बोलावलं. सोनूला सांगितलं की एका सहीचं काम आहे. तरन्नुम जे तीन ओळींपलीकडे कागदावर आणत नाही, ते सगळं आज सोनूकडून आपण वदवून घेणार आणि संध्याकाळी ती नवऱ्यासोबत घरी जाणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. उद्या ते कागद उत्कर्षा मॅडमपुढे ठेवायचे होते.

सोनू दारातच थबकली. योगेशने तिच्याकडे पाहिलं आणि पायाने समोरची खुर्ची पुढे सरकवली. ती बसली.

"पहिल्यापासून सांग," ताई म्हणाल्या. "घाबरू नकोस, मी आहे."

सोनूने मान खाली घातली आणि न अडखळता बोलायला लागली. "किरकोळ कारणावरून शाब्दिक वाद झाला. रागाच्या भरात पतीकडून हात उचलला गेला. त्याबद्दल पतीस पश्चात्ताप झाला आहे. सदर महिला नांदण्यास तयार आहे."

"बघा," योगेश म्हणाला. "आता काय राहिलं?"

सासूने पदर सावरला आणि लिवा बाई लवकर म्हणून घाई केली. ताईंनी पेन उघडलं होतं, पण त्यांचा हात पुढे जाईना. ही भाषा बीडच्या पोरीची नव्हती. ही त्यांची स्वतःची भाषा होती.

"हे कुठून आणलंस?" त्यांनी विचारलं.

"तुमीच लिव्हलं व्हतं की," सोनू म्हणाली. "मागल्या टायमाला वाचून दावलं. म्या पाठ केलंय. असं सांगितलं की लवकर सुटतंय, मंग कुनी काई इचारत नाही."

ताईंना वाटलं, आपल्याला कुणीतरी भर बाजारात उघडं केलं. गेल्या वर्षी या मुलीने काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवेना. आठवत होतं ते फक्त त्यांनी लिहिलेलं.

त्यांनी पेन बंद केलं आणि योगेशला त्याच्या आईला घेऊन जायला सांगितलं. तो उठेना. बायको माझी आहे, तिला घेऊनच जाणार, असं म्हणायला लागला. ताई खुर्चीतून उठून त्याच्या आणि सोनूच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि वॉचमनला हाक मारली. "ती येणार नाही. इथे सही होणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही." दोघं शिव्या देत गेले. ताईंनी रिक्षा बोलावली आणि सोनूला स्वतः मावसबहिणीकडे सोडलं. वाटेत त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही.

संध्याकाळी त्यांनी तरन्नुमला गाठून घडलेलं सगळं सांगितलं आणि शेवटी न राहवून विचारलंच, की सोनू तुला एवढं काय सांगते.

"ते तिचं आहे, ताई," तरन्नुम म्हणाली. "मी नाही सांगू शकत."

ताईंना तेवढ्यातही हेवा वाटला. पोरीच्या आवाजात रागही नव्हता.

शुक्रवारी त्या प्रशिक्षणाला गेल्या. उत्कर्षा मॅडमनी आठवड्याचा अनुभव सांगायला सांगितलं तेव्हा ताई उभ्या राहिल्या. "काल मी एका मुलीला तिच्या नवऱ्यासमोर बसवलं," त्या म्हणाल्या. "ती तरन्नुमशी बोलते आणि माझ्याशी बोलत नाही, म्हणून मी जळत होते. दुसरं काही कारण नव्हतं." त्या बसल्या नाहीत. "गेल्या वर्षी मी एकेचाळीस जणींना परत पाठवलं. त्यातल्या किती जणी धड आहेत, मला माहीत नाही. मी एकीलाही फोन केला नाही. आज करणार आहे. तुमच्यापैकी कुणी केलाय का? कसा करायचा ते मला सांगा."

सभागृहात तीस समुपदेशक होत्या. एकीचाही हात वर झाला नाही.