विनीच्या दगडापाशी

ससा अठरा पावलांवर बसून कुणाच्या तरी थडग्यावरची शेवंती निवांत कुरतडत होता आणि एडविन आल्डरसन मांडीवर एअरगन आडवी ठेवून त्याच्याकडे नुसता बघत होता. सकाळचे सहा वाजून गेले होते. चर्चच्या आवारातलं गवत दंवाने ओलं होतं. एडविन ज्या दगडाला टेकून बसला होता तो त्याच्या बायकोचा, विनीचा होता. पोट भरल्यावर ससा कान हलवत बिळात गेला आणि एडविनने थर्मासमधला चहा ओतून घेतला. मे महिन्यापासून त्याने एकही गोळी झाडली नव्हती, आणि आता सप्टेंबर लागला होता.

गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी एडविन रोज पहाटे सशांचा बंदोबस्त करायला जात होता. ससे थडगी पोखरायचे, फुलं फस्त करायचे. गेल्या वर्षी तर एका बिळाच्या तोंडाशी चक्क हाड वर आलं होतं. एडविनने जन्मभर शेतांची दगडी कुंपणं रचली. हातात काम नसताना तो कुठे बसलाय असं कुणी पाहिलं नव्हतं. बायकोच्या थडग्याशी जाऊन बसणं या खोऱ्यातल्या पुरुषांना जमत नाही. लोक काय म्हणतील ते नंतरचं, आधी स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं. मांडीवर बंदूक असली की तेवढा प्रश्न मिटतो, माणूस कामावर असतो.

विनी असताना मारलेला ससा घरी आला की ती आधी त्याचं डोकं बघायची. गोळी डोळा आणि कान यांच्या मधोमध लागलेली असली तर ससा कांद्याबरोबर भांड्यात जायचा. पोटात नाहीतर पायात लागलेली असली तर ती तो बागेत पुरायला लावायची आणि एडविनपुढे नुसता पाव आणि गोठलेली चरबी आदळायची. "त्याला तडफडवलंस ना, मग आता चाव हे," असं म्हणून स्वतः मात्र अंडं तळून घ्यायची.

एकदा त्याने मोठी बंदूक घ्यायचा विषय काढला होता. विनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोठी घेणार आणि लांबून चुकवणार. सशाला ही बंदूक पुरे आहे. तू जवळ जायला शिक." एडविन शिकला. निघण्याआधी पुठ्ठ्यावर नाण्याएवढं वर्तुळ काढायचं, पाच गोळ्या झाडायच्या. जितक्या पावलांवरून पाचही आत जातील, त्या दिवशी सशावर त्यापेक्षा लांबून नेम धरायचा नाही. तरुणपणी चाळीस पावलं जमायची. मग तीस झाली, मग पंचवीस.

विनी जाऊन वर्ष झालं, त्या मे महिन्यात अठरा पावलांवरून पाचातल्या तीनच आत गेल्या. तरी त्याने ससा मारला. मारला कसला, ससा मागचे पाय ओढत बिळात शिरला. एडविन पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घालून तासभर चाचपत राहिला, पण हाताला मातीशिवाय काही लागलं नाही. त्या रात्री त्याने स्वतःच पाव आणि चरबी ताटात वाढून घेतली. समोर रागवायला कुणी नव्हतं. तेव्हा विनीची इतकी आठवण आली की तिच्या दफनाच्या दिवशीही तेवढी आली नव्हती.

उन्हाळाभर ससे वाढत गेले. चर्चचा कारभार बघणारी हिल्डा आयव्हसन त्याची शाळेपासूनची ओळखीची. ती विचारायला आली तेव्हा त्याने ठोकून दिलं की बंदुकीची स्प्रिंग गेलीय, जोर राहिला नाही, मोठ्या बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज केलाय. परवान्याला महिने लागतात. म्हणजे निदान हिवाळा तरी सकाळी इथे बसायला मिळालं असतं, आणि त्याला एवढंच हवं होतं.

पण स्वस्थ बसणं हिल्डाच्या रक्तात नव्हतं. गुरुवारी ती कर्स्टीला घेऊन हजर झाली. कर्स्टी तिशीची, उपद्रवी जनावरांचा बंदोबस्त हाच तिचा धंदा. तिच्या गाडीत मोठी रायफल बघून हिल्डाने विचारलं की फाटकातूनच यांचा निकाल का लावत नाहीस. कर्स्टी म्हणाली, "हिची गोळी दगडावर आपटली तर कुठं जाईल सांगता येत नाही. भिंतीपलीकडं शाळा आहे. आणि सशाला एवढं लागतच नाही. हे मिस्टर आल्डरसनांच्या एअरगनचंच काम आहे."

मग तिने एडविनच्या बंदुकीच्या नळीपुढे गोळीचा वेग मोजायचं यंत्र धरलं आणि त्याला मातीच्या उतारावर बार काढायला सांगितलं. आकडा बघून तिने आणखी एकदा झाडायला लावलं. नंतर ती यंत्राकडे न बघता एडविनच्या हातांकडे बघत राहिली.

"स्प्रिंग दमलीय खरी," ती हिल्डाला म्हणाली. "मी नेते दुरुस्तीला. लागतील दोन-तीन महिने."

एडविनने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण वेग पुरेपूर असल्याचा आकडा त्यानेही वाचला होता, आणि तो लपवण्यासाठी या पोरीला खोटं बोलायला लागलं याची त्याला लाज वाटली.

"बंदूक ठणठणीत आहे, हिल्डा," तो म्हणाला. "हात गेलेत माझे. मे महिन्यात एकाला अर्धवट मारलं. त्यानंतर एकही मारला नाही."

"मग रोज पहाटे येऊन करतोस काय इथं?"

हिल्डाने आवारावर नजर फिरवली. सगळीकडे गवत उभं होतं, फक्त विनीच्या दगडापाशी माणूस बसेल एवढं दबून पिवळं पडलं होतं. हिल्डाने तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. साठ वर्षांच्या ओळखीत हे पहिल्यांदाच घडत होतं.

आता सशांचं काम कर्स्टीकडे आलं. नेम धरायला कुठे बसू ते तिने एडविनला विचारलं. फाटकाजवळचं झाड दाखवता आलं असतं. पण तिथून पाठीवरचा वारा सरळ बिळांकडे जातो, ससे बिचकतात, आणि अंतरही तिसाच्या वर. नेम चुकण्याची शक्यता तिथे जास्त.

"त्या दगडापाशी," एडविन म्हणाला. "आल्डरसन लिहिलंय बघ. वारा तोंडावर येतो, बिळं अठरा पावलांवर आहेत, आणि त्यांच्यामागं मातीचा उतार. चुकलीच तर गोळी मातीत जाईल."

"तुम्हाला चालेल?"

"चालेल. टेकून बस, पाठ अवघडत नाही."

त्यानंतर तीन आठवडे पहाटे कर्स्टी येत राहिली. एडविन सवयीने पाचला उठायचा, बूट चढवायचा आणि स्वयंपाकघरात बसून राहायचा. चर्चच्या टेकडीकडून अधूनमधून एक बारीक ठप्प आवाज यायचा. तो दुसऱ्या आवाजाची वाट बघायचा. दुसरा येत नसे, म्हणजे पहिल्याच गोळीत काम झालेलं असे. विनीपाशी कुणीतरी नीट काम करतंय याचं त्याला बरं वाटायचं, आणि तिथे आपण नाही याची चुटपुटही लागायची.

कर्स्टीचं काम संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दुपारी तीन वाजता, भर उन्हात, चांगला कोट घालून चर्चकडे निघाला. एकजण गवत कापत होता. हिल्डा दारातला केर काढत होती. एडविन विनीच्या दगडासमोर उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. खिशात घातले, काढले, पाठीमागे बांधले.

"आज बंदूक नाही आणलीस, एडविन?" गवत कापणाऱ्याने यंत्र थांबवून विचारलं.

"नाही," एडविन म्हणाला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली. हातांना तेवढंच काम झालं. "विनीला भेटायला आलोय."

त्या माणसाने मान डोलावली आणि यंत्र परत चालू न करता तो भिंतीपलीकडे निघून गेला.