आष्टीपलीकडची टिकली

टाचण्या संपल्या तशी केसरबाईनं टिकल्यांचं पाकीट पुढं केलं. कृषी खात्याच्या बिभीषणसाहेबानं ते हसून घेतलं अन् सोसायटीच्या गोदामात टांगलेल्या नकाशावर एकेक लाल टिकली लावत गेला. जिथं टिकली, तिथल्या धान्यात खापरा किडा.

“हा उडत नाही, आजी. पोत्यासंगं जातो. दुष्काळात सोसायटीची ज्वारी जिकडं गेली, तिकडं हा जाणार. गेवराई, मांजरसुंबा. मी आधीच बोललो होतो.”

केसरबाईचे मालक विठ्ठलराव सोसायटीचे चेअरमन. खुर्चीत बसून ते नुसती मान हलवत होते.

“एकच कोडं आहे.” साहेबानं आष्टीच्या पलीकडं बोट ठेवलं. “या वाडीला आपला ट्रक गेलाच नाही. तरी एका घरात किडा निघाला. सटवा म्हणून मेंढपाळ आहे, त्याच्या.”

विठ्ठलरावांची मान थांबली. अंजना, त्यांची एकुलती लेक, याच सटवासंगं निघून गेलती. तेव्हापासून आपल्याला लेकच नाही, असं ते गावाला सांगत आले होते.

केसरबाईनं पदर सावरला. शेतात मेंढरं बसवायला येणाऱ्यांच्या हाती ती लेकीला गुपचूप ज्वारी धाडायची. तिला वाटायचं, हे आपल्या एकटीलाच ठाऊक.

“वाऱ्यानं गेला आसंल,” ती म्हणाली. “मागं आसलीच वावटळ सुटलती. बंकटचा रेडा उचलला अन् थेट मांजरसुंब्याच्या धाब्यावर नेऊन ठिवला. रेडा तिथं च्या पिऊन आला म्हणत्यात.”

साहेब हसला नाही.

“आजी, किडा कुठून आला ते कळलं तर औषधावर भागतं. नाही कळलं तर त्या घरातलं सगळं धान्य जाळावं लागंल. आसल्या सालात ती माणसं खाणार काय?”

केसरबाईनं तोंड उघडलं. पुढची गोष्ट काही निघेना.

विठ्ठलराव उठले. पाकिटातली एक टिकली सोडवली, आष्टीपलीकडच्या वाडीवर नीट दाबून बसवली.

“लिवा सायेब. आमच्याच कणगीतून गेलंय.”

“तुमच्या? तिकडं कोण आहे तुमचं?”

“लेक दिलीय तिथं आमी. वाजत गाजत.”

केसरबाई मालकाकडं बघतच राहिली. एवढी मोठी थाप तिलाबी कधी जमली नव्हती.