पीटरचा उलटा हात

मेउरिग काचवाला चॅपलचा माणूस, म्हणजे चर्चपासून फुटून निघालेल्या पंथाचा. टेकडीवरच्या चर्चमध्ये त्यानं जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, त्याच्या बापानंही नाही. पण वादळानं चर्चची रंगीत खिडकी खिळखिळी झाली, संत पीटरच्या हाताची चौकोनी काच निखळून बाहेर गवतात पडली, आणि पाद्री प्रॉसर स्वतः त्याच्या दारात आले.

"काम करतो," मेउरिग म्हणाला, "पण बाहेरून. आत येणार नाही."

"शिडी आमची वापरा," एवढंच म्हणून पाद्री गेले.

"एवढं काय आडमुठेपण?" घरी त्याच्या बायकोनं, लोवरीनं, पाव कापता कापता विचारलं.

"आत गेलो तर तुझा बाप वर्षभर माझ्याशी बोलायचा नाही."

"मग तर जाच," बायको म्हणाली.

दोन दिवस शिडीवर उभं राहून त्यानं काचा जोडणाऱ्या शिशाच्या जुन्या पट्ट्या काढून नव्या बसवल्या, पडलेली काचही जागी लावली. बाहेरून ती खिडकी म्हणजे काळपट काचांची गोधडी. कोण कुठं उभं आहे, काही उमगत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो हत्यारं आवरत होता, तेवढ्यात पाद्र्यांची हाक आली.

"मेउरिग, जरा आत येता का? पीटरच्या हाताचं काहीतरी बिनसलंय."

कामात खोट म्हटल्यावर मेउरिग टोपी काढून सरळ आत शिरला. त्यानं वर पाहिलं. तीस वर्षं त्यानं बसवलेल्या काचा पलीकडचं बघण्यासाठी होत्या. ही काच स्वतःच बघायची होती. पीटरचा झगा निळाशार पेटला होता. फक्त हाताचा अंगठा करंगळीच्या जागी होता. काच उलटी बसली होती.

"राहू द्या," पाद्री म्हणाले. "इतक्या वर कोण बघतंय?"

"मी बघितलं ना."

दुसऱ्या दिवशी त्यानं शिडी आत लावली. दुपारी लोवरी जेवण घेऊन आली. दारात बराच वेळ घुटमळली, मग हळूच आत येऊन बाकावर टेकली.

"तुझ्या बापाला काय सांगशील?" वरून मेउरिगनं विचारलं.

"नवऱ्याला उपाशी कसं ठेवायचं?" ती म्हणाली. तिची नजर मात्र खिडकीवरच होती.

चारच्या सुमाराला हात नीट बसला. मेउरिग खाली उतरून तिच्याशेजारी बसला. उन्हं कलली, निळ्या उजेडाचा पट्टा फरशीवरून सरकत समोरच्या भिंतीवर चढला, तरी दोघांपैकी कुणीच घरी निघायची भाषा काढली नाही.