दाराचं काम

कुनिओने बुटांतले वर्तमानपत्राचे ओले बोळे काढले, कोरडे कोंबले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, तेही काढून टाकले. बूट तसेच ओलसर पायांत चढवून त्याने नाड्या आवळल्या. आत, आठ चटया मावतील एवढ्या खोलीत नोबु आणि कात्सुमी अजून नाश्त्याच्या ताटांशी बसले होते.

"कुठे निघालास?" नोबुने आतूनच विचारलं.

"रस्ता बघून येतो."

"काल बघितलास ना. त्याला काय पाय फुटलेत?"

कुनिओने पाठपिशवी घेतली आणि तो बाहेर पडला. नुसता रस्ता बघायला जाणारा माणूस पाठपिशवी घेत नाही, हे मागच्या दोघांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

शुक्रवार होता. मंगळवारी भर पावसात ओबाकोची खिंड उतरून ते या पायथ्याच्या वस्तीत आले, आणि त्याच रात्री वादळाने दोन्ही बाजू बंद केल्या. पुढे मिउराच्या खिंडीत देवदार आडवे पडले होते, खाली नदीकाठचा रस्ता दोन ठिकाणी ढासळला होता. वस्तीत सात घरं, त्यातलं एक यात्रेकरूंना उतरायला देणारं. मोबाइल लागत नव्हता. मालकीणबाईंच्या स्वयंपाकघराशेजारी एक जुना फोन होता, तेवढा चालू होता. तीन दिवस तिघं एका खोलीत झोपत, उठत, पावसाकडे बघत होते.

कोयाच्या डोंगरावरून होंगूच्या देवळापर्यंत ही जुनी वाट चालायची, हे तिघांनी शाळेत असताना ठरवलं होतं. मग नोकऱ्या, मुलं, नोबुची पोस्टातली बदली, कात्सुमीच्या बायकोचं आजारपण. शेवटची सहा वर्षं अडली ती कुनिओमुळे. त्याची बायको तामायो विसरायला लागली होती. आधी भांडी, मग गल्ल्या, मग तो.

कुनिओ चाळीस वर्षं दारं-खिडक्या बनवत होता. त्यांच्या किनाऱ्यावरच्या गावात निम्म्या घरांची सरकती दारं त्याच्या हातची होती. संध्याकाळ झाली की तामायो कपड्यांचं बोचकं बांधून "घरी" जायला निघे. दोनदा पोलिसांनी आणून सोडली, एकदा बंदराच्या धक्क्यावर सापडली, अनवाणी. त्यानंतर कुनिओने पुढच्या दाराला आतून एक खिटी बसवली. चौकटीतली एक पट्टी बोटभर वर उचलायची आणि डावीकडे ढकलायची, तरच दार सरके. ना कडी दिसे ना कुलूप. आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार काम, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती. तामायो रोज संध्याकाळी त्या दारावरून हात फिरवत उभी राही. तिच्या लेखी तो नवरा उरला नव्हता. ती त्याला "इथला माणूस" म्हणे.

पाच दिवस तिला शुश्रूषागृहात ठेवायची व्यवस्था नोबुने केली होती. कुनिओने एकच अट घातली होती. शुक्रवारी दुपारी बाराला तो तिला न्यायला हजर असेल. दिलेली वेळ त्याने धंद्यातही कधी चुकवली नव्हती.

रस्ता कालच्यासारखाच होता. डांबराची कड तुटून खाली लोंबत होती आणि नदी मातकट, फुगलेली वाहत होती. पिवळ्या शिरस्त्राणातल्या माणसाने झेंडा आडवा धरला, कमरेतून वाकला आणि मनापासून माफी मागितली. कुनिओही वाकला. मग तो वळला, दहा-बारा पावलं मागे आला आणि त्या माणसाची पाठ फिरताच वरच्या बाजूच्या घसरणीवर चढायला लागला.

माती लोण्यासारखी सरकत होती. एका हाताने मूळ धरून त्याने दुसरा हात वर टाकला, तो कोपरापर्यंत चिखलात गेला. पाय ठरेना. वर जाता येईना, खालीही उतरता येईना. तसाच पोटावर चिकटून तो किती वेळ होता कोण जाणे. मग कुणीतरी त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरून खसकन खाली ओढलं.

"अडुसष्ट वर्षांचा आहेस तू," कात्सुमी धापा टाकत म्हणाला. तो एरवी दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस.

"बारा वाजता पोचायचंय."

"या चिखलातून? वर गेलास की तिथे वेळेवर पोचशील, हे खरं," नोबु म्हणाला. "आज नाही पोचलास तर काय होणार आहे? जेवायला घालायचं बंद करणार आहेत तिला?"

"आजपर्यंतचंच ठरलंय. पुढे जागा नसेल त्यांच्याकडे."

नोबुने कात्सुमीकडे पाहिलं. कात्सुमीने नदीकडे.

"जागा आहे," शेवटी कात्सुमी म्हणाला. "ओगावाबाईंनी खोली धरून ठेवलीय. महिनाअखेरपर्यंत. कायमची म्हणून."

कुनिओ हातावरचा चिखल निपटत होता. तो निपटतच राहिला. वसंतात ओगावाबाईंनी, म्हणजे शुश्रूषागृहाच्या प्रमुख बाईंनी, ही गोष्ट काढली होती. त्याने तिथल्या तिथे नकार दिला होता आणि कुणाजवळ बोलला नव्हता. मग हळूहळू उलगडलं. नोबुची चुलतबहीण तिथे कामाला होती. पाच दिवसांची सोय लावताना तिने सगळं सांगितलं होतं. वाटेत कधीतरी कुनिओपाशी विषय काढायचा असं दोघांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी नोबु म्हणाला, तू काढ. दुसऱ्या दिवशी कात्सुमी म्हणाला, पावसात नको. नंतरचे तीन दिवस एकाच खोलीत राहून दोघांची जीभ उचलली नव्हती.

"म्हणजे देवदर्शन वगैरे काही नव्हतंच," कुनिओ म्हणाला. "मला धरून आणायचं होतं."

"देवदर्शन होतंच," नोबु म्हणाला. "हेही होतं."

"माझी बायको आहे. मी बघेन."

"बघतोयस ते दिसतंय रे." नोबुचा आवाज खाली आला. "म्हणून तर."

कात्सुमीने खिशातून रुमाल काढून कुनिओसमोर धरला. "थंडीत एकदा माझ्या दारात आला होतास. मीठ संपलंय म्हणालास. आठवतं?"

"असेल."

"तुझ्या हातात बरणी होती. मिठाने भरलेली. मी त्यातच आणखी चार चमचे घातले, आणि तू आभार मानून गेलास."

परत उतरायच्या घराशी आल्यावर मालकीणबाईंनी कुनिओचे कपडे बघितले आणि न्हाणीघरात गरम पाणी असल्याचं तेवढं सांगितलं. तो अंघोळ करून आला तेव्हा नोबु-कात्सुमी खोलीच्या दोन कोपऱ्यांत दोन भिंतींकडे तोंड करून पडले होते. त्याने मधोमध बसून पाहिलं. उठून खिडकीशी गेला. खिडकीबाहेर डोंगर इतका जवळ होता की आभाळ दिसायला वाकावं लागत होतं. तो पुन्हा येऊन बसला. घरी संध्याकाळी असाच बसे, दाराकडे पाठ करून, तिचा हात फळीवरून फिरल्याचा आवाज ऐकत.

बाराला पाच मिनिटं असताना तो फोनपाशी गेला. मालकीणबाई ओट्याशी अळूचे कंद सोलत होत्या. त्यांनी पाण्याचा नळ बंद केला, मग आपण ऐकतोय असं वाटेल म्हणून पुन्हा सोडला.

ओगावाबाईंनी काळजी करू नका म्हणून सांगितलं. तामायो नीट जेवतेय, झोपतेय. मग म्हणाल्या, आत्ता इथेच बसल्यात, देऊ का? कुनिओ नको म्हणेपर्यंत त्यांनी दिलाही होता.

"हॅलो. कोण बोलतंय?" तामायोचा आवाज होता, पण ठेवणीतला. गिऱ्हाइकांचे फोन घेताना ती वापरायची तो.

घरी ती त्याच्याशी अशी कधी बोलत नसे. कुनिओने तोंड उघडलं. आपलं नाव सांगून काय होतं हे त्याला माहीत होतं. ती गप्प होई आणि मग तिला भीती वाटे.

"मी सुतार बोलतोय," तो म्हणाला. "दारांचं काम करतो."

"अगबाई. बरं झालं तुम्ही फोन केलात." तिने आवाज बारीक केला. "आमच्याकडे एक दार आहे. ते उघडतच नाही. मी रोज बघते. येऊन जाल का एकदा?"

कुनिओने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली.

"येईन की."

"पण लवकर या हं. तिथे एक माणूस असतो, तो सध्या गावाला गेलाय. तो असला की नाही जमायचं."

"त्रास देतो का?"

"छे, छे." ती जरा रागावलीच. "भला आहे. वेळेवर जेवायला घालतो. माझे केस विंचरतो, गाठ सुटेपर्यंत धीराने बसतो. फक्त जाऊ देत नाही. दिवसभर माझ्याकडे बघत असतो बिचारा, त्याला पण कुठे जाता येत नाही." ती थांबली. "मी हे बोलले ते त्याला सांगू नका. वाईट वाटेल त्याला."

"नाही सांगत."

नळ वाहत होता. मालकीणबाईंचे हात थांबले होते.

"आत्ता आहात तिथे कसं वाटतं?" कुनिओने विचारलं.

"इथे ना, लांबच लांब व्हरांडा आहे. गोल फिरून परत तिथेच येतो. मी सकाळपासून चालतेय. कोणी अडवत नाही." मग एकदम सौजन्याने, "बराय, ठेवते मग. तुमच्याही कामाचा खोळंबा नको," असं म्हणून तिने फोन दिला.

ओगावाबाई पुन्हा आल्या. उद्यापर्यंत रस्ता होईल असं बातम्यांत सांगतायत, त्या म्हणाल्या. मग उद्या न्यायला याल ना?

कुनिओने वायर बोटावरून सोडवली. बोटावर वळ उठला होता.

"सोमवारी येतो," तो म्हणाला. "त्या खोलीचे कागद काढून ठेवा."

खोलीत परतल्यावर नोबु उठून बसला. तामायो काय म्हणाली, त्याने विचारलं. बरी आहे, कुनिओ म्हणाला. एवढंच. मग तो भिंतीशी आडवा झाला आणि भर दुपारी, कपड्यांसकट, झोपी गेला. जेवणाला दोघांनी त्याला उठवलं नाही.

शनिवारी उजाडता उजाडता खालचा रस्ता एका गाडीपुरता मोकळा झाला. सामान पोचवायला आलेला ट्रक परत जाणार होता, आणि नोबुने चालकाशी बोलून पुढची जागा कुनिओसाठी धरूनही ठेवली. कालच्या बोलण्याची भरपाई केल्यासारखा तो धावपळ करत होता. मिउराच्या खिंडीतली झाडंही कापून झाल्याची बातमी तेवढ्यात आली. मालकीणबाईंनी खारवलेल्या पानांत गुंडाळलेले भाताचे गोळे आणले, दोन-दोनची दोन पुडकी वर जाणाऱ्यांसाठी आणि एक वेगळं, ट्रकने जाणाऱ्या कुनिओसाठी.

कुनिओने वेगळं पुडकं घेऊन नोबुच्या पिशवीत टाकलं. "तिन्ही वरच न्यायची आहेत," तो मालकीणबाईंना म्हणाला. चालकाला त्याने वाकून नमस्कार केला आणि तसदीबद्दल माफी मागितली.

नोबुने तोंड उघडलं. कात्सुमीने त्याच्या बाहीला हलकेच ओढलं.

वाट वस्तीमागून सरळ वर चढत होती. पहिल्या वळणालाच नोबुला धाप लागली. जरा हळू चाल लेका, देऊळ काही पळून जात नाही, असं तो खालून ओरडत होता. कुनिओ पुढे होता. थांबावंसं त्यालाही वाटत होतं. पण थांबला असता तर ते दोघं जवळ आले असते आणि त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं असतं. म्हणून तो चालत राहिला.