मंदाकिनीचे वाढते उपास

शहाण्णव सालची गोष्ट. डोंबिवलीच्या एका घरात मंदाकिनी जळफळत होती, आणि कोणावर? कॅन्सरच्या पेशंटवर! हसू नका. घर तुमच्या-आमच्यासारखंच होतं.

तिची मोठी जाऊ सुमती महिनाभर मुंबईच्या हॉस्पिटलात राहून आली होती. डॉक्टरांनी पोट उघडून गाठी काढल्या आणि त्याच ऑपरेशनमध्ये गरम केलेलं केमोचं औषध पोटात तासभर फिरवलं. तेव्हा हे नवंच होतं, सगळ्यांना लागूही पडत नव्हतं. सुमती वाचली. आता नवरा श्रीपाद रजा काढून तिला मोसंब्याचा रस देई. सासूबाई तर तिचे पाय चेपत!

"मला ताप आला तरी पोळ्या मीच लाटायच्या," मंदाकिनी नवऱ्याला म्हणाली, "आणि वहिनींचे काय ते लाड!"

"काहीतरीच काय बोलतेस!" म्हणत मधूने पेपर उघडला.

खरं तर तीन महिने मंदाकिनीचंही पोट फुगत होतं. दोन घासांत भरल्यासारखं व्हायचं. पण सांगणार कुणाला? जावेचं बघून हिलाही दुखायला लागलं, असंच म्हणाले असते. मग तिने उपास वाढवले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. सासूबाई शेजारणींना कौतुकाने सांगत.

एका बुधवारी तिने ताट सारलं. "मला उपास आहे."

"आज कसला गं?" सुमतीने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय? तुमच्या दिमतीला सगळं घर आहे! देवाने तुमचं दुखणं मला का नाही दिलं?"

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

सुमती मात्र रागावली नाही. "मंदा, मीही दोन वर्षं असेच उपास केले. भूक लागायची नाही, पोट फुगायचं. सगळे म्हणाले पित्त आहे, ओवा खा. तेव्हाच कोणी तपासायला नेलं असतं, तर कदाचित एवढं पोट फाडावं लागलं नसतं गं!" मग ती दिराकडे वळली. "भावजी, हिला कधीपासून त्रास होतोय?"

मधूला माहीतच नव्हतं! त्याची मान खाली गेली.

"उद्या नेतो," तो पुटपुटला.

"उद्या नाही, आजच!" सासूबाई कडाडल्या. "एकीच्या वेळी मी ओवा देत बसले, आता नाही!"

मंदाकिनी सुमतीच्या गळ्यात पडून रडली.

तिची गाठ वेळेत सापडली, साध्या ऑपरेशनवर भागलं. पण मंडळी, मरणाच्या दारातून परत आल्याशिवाय जिथे बाईची विचारपूस होत नाही, तिथे जावेला जावेच्या कॅन्सरचा हेवा वाटणारच! आपल्या घरातल्या बाईला आजच विचारा, तुला काही होतंय का? आणि ती 'काही नाही' म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.